मेल खरा, लिंक खोटी

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. निम्मा दिवस प्रिंटर आणि टॅली खातात. त्या सकाळी एका कारखान्यातल्या अकाउंट्सवाल्या काकांचा फोन आला, "अरे, माझ्या नावाने लोकांना मेल जातायत म्हणे. मी तर एकही पाठवला नाही!"

काका दांडिया बाजारातले, जुने बडोदेकर, कागदाला चोख. काही दिवसांपूर्वी त्यांना नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला होता : सुधारित कोटेशन पाहण्यासाठी साइन इन करा. काकांनी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. बरोबरच होता, कारण आधी त्या पुरवठादाराचंच खातं फुटलं होतं. 'पाठवणारा कोण ते बघा' असं आम्ही गावभर सांगत फिरतो. त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

खोट होती लिंक उघडल्यावर वरच्या पट्टीत. पत्त्याची सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या नावाने, म्हणून डोळा फसला. खरं तर एचटीटीपीएसच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मालकाचं नाव त्या टोकाला असतं. त्याच्या आधी कोणीही कोणाचंही नाव चिकटवू शकतो. कुलपाचं चिन्ह होतंच. वाटेत कोणी ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे चोर बसलाय का, हे नाही.

ब्राउझरला मात्र कळलं होतं! रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड त्या पानावर भरलाच गेला नाही, कारण जतन केलेला पासवर्ड पत्त्याला बांधलेला असतो, पानाच्या रूपाला नाही. काकांना वाटलं, मशीन रुसलं. त्यांनी पासवर्ड हाताने टाकला, पाठोपाठ मोबाइलवर आलेला कोडही. खोट्या पानाने दोन्ही त्याच क्षणी खऱ्या पानाकडे सरकवले आणि चालू सेशन, म्हणजे लॉगिन झालेलं उघडं खातं, चोराच्या हाती गेलं.

मी पोचेपर्यंत शेठने पासवर्ड बदलायला लावून प्रकरण मिटवलं होतं. उघडी सेशन्स तेवढ्याने लगेच तुटतीलच असं नाही. सगळीकडून साइन आउट केलं आणि मेलबॉक्सचे नियम, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं त्या सूचना, उघडले. तिथे एक नियम, नाव म्हणून नुसतं टिंब : 'बँक' किंवा 'इन्व्हॉइस' शब्द असलेला मेल वाचलेला दाखवून 'आरएसएस फीड्स' नावाच्या फोल्डरात टाकायचा. त्या फोल्डरात कोण जातंय कशाला! गिऱ्हाइकं विचारत होती, "बँक खातं का बदललं?" आणि ती पत्रं तिथे साचली होती. नशीब, पैसे कोणी भरले नव्हते. नाहीतर तडक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावावा लागला असता.

शेठ काकांवर खेकसला. जीएसटीचा आयडी-पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारा हाच शेठ.

काकांना मी एकच सांगितलं : मेलमधल्या लिंकवरून लॉगिन नाही, आपल्या बुकमार्कवरून जायचं. परवा पुन्हा फोन. दुसऱ्या एका पुरवठादाराचं बिल, साइन इन मागतंय, आणि बुकमार्कवरून गेलं तर सापडत नाही. मी तपासलं. अस्सल निघालं, बिल फक्त त्या लिंकवरच उघडतं. आता आमची शिकवण कुठे ठेवायची? म्हटलं, "काका, जुन्या बिलावरचा नंबर लावा आणि पीडीएफ मागा."

तिकडून उत्तर आलं, तशी पॉलिसी नाही. पीडीएफ येईपर्यंत काकांनी त्यांचं पेमेंट अडवून ठेवलंय.