रात्री पास, दुपारी नापास : ५० हजारांच्या बिल्डची रॅमकथा

झाला बाप्पा एकदाचा पास! दुपारी चारला, वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, टेबलावरचा थर्मामीटर ३९ वर, आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास (फेऱ्या) शून्य एररनं पूर्ण. ५० हजारांत ब्लेंडरसाठी (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) कॉम्प्युटर जुळवतो आहे, आणि होळी झाल्यापासून त्याच्या रॅमनं डोकं खाल्लं होतं. कसं जमलं ते सांगतो, पण आधी सुट्या भागांच्या यादीत काय काय बदललं ते ऐका, कारण मागच्या वेळची यादी आता निम्मीसुद्धा उरलेली नाही.

मागची यादी एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती खोबणी) होती: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, स्वस्तातला बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅम. ती रॅमनं मारली. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास मेमरीचे भाव चढू लागले. डेटा सेंटरवाले मेमरी उचलून राहिले, कारखानेही त्यांच्याकडेच वळले. डिसेंबरात मायक्रॉननं क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, म्हणजे आपल्यासारख्यांचा एक भरवशाचा, साधा, बिनदिव्यांचा पर्यायही गेला. नागपूरच्या बर्डीत भाव विचारायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, तो भाव विसरा आता. आज घेऊन जा, उद्याचं मी सांगू शकत नाही." एरवी हे वाक्य विकायचा डाव म्हणून सोडून देतो. या खेपेला तो खरं बोलत होता.

एएम५ ला डीडीआर५ शिवाय इलाज नाही. म्हणून एएम५ बाद.

मग आलं ५६००जी, जुन्या सॉकेटवरचं, डीडीआर४ वर चालणारं. ग्राफिक्स कार्डच नको, प्रोसेसरच्या आतलं व्हेगा ग्राफिक्स चालवू, कार्डाचे पैसे वाचवू. कागदावर छान दिसतं. पण आतलं ग्राफिक्स आपल्या रॅममधूनच हिस्सा काढतं आणि त्याला वेगही रॅमचाच लागतो. एका स्टिकवर ते अक्षरशः रांगतं, म्हणजे दोन स्टिक हव्यातच, आणि १६ जीबीतले दोनेक जीबी तर त्यालाच द्यावे लागतात. जी वस्तू सगळ्यात महाग झाली तिच्यावरच सगळा भार. शिवाय ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. उद्या कार्ड लावायचं म्हटलं तरी हात बांधलेले.

इथं हिशेब उलटा करून पाहिला. जुनं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेतलं तर त्याच्यासोबत ८ जीबी मेमरी येते, आणि ती जुन्या भावात येते. त्या ८ जीबीमुळे माझी १६ जीबी रॅम पूर्णच्या पूर्ण ब्लेंडरला मोकळी राहते. कार्डाचं रेटिंग १३२ वॉट, एकच आठ पिनची केबल, १०८० पी मॉनिटरला पुरून उरतं. तेव्हा ठरलं: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, जुनं ६६००, जुनी डीडीआर४.

बी४५० घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर त्याचा बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० ला ओळखणार नाही. दुकानातच दुसरा प्रोसेसर लावून अपडेट करून घ्या आणि स्क्रीनवर नाव आलेलं बघूनच पैसे द्या. फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं) असलेला बोर्ड मिळत असेल तर थोडे जास्त गेले तरी तोच घ्या.

आता रॅम.

बंद पडलेल्या एका गेमिंग कॅफेचा माल निघाला होता. त्यातून ८ जीबीच्या दोन स्टिक मिळाल्या. डीडीआर४, एक्सएमपी (कंपनीनं ठरवलेला जादा वेग) ३६००, सीएल१८ (उत्तर द्यायला लागणारी आवर्तनं), जोडी एकाच बॅचची. बिल नाही, वॉरंटी नाही, "आत्ता लावून बघा, नंतर बोलायचं नाही." तिथंच लावून पाहिल्या, पोस्ट झालं (म्हणजे मशीन नीट सुरू झालं), १६ जीबी दिसली, घेतल्या. रात्री घरी मेमटेस्ट लावला, सकाळी पास. मजेत विंडोज टाकलं, ब्लेंडर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेंडर अर्ध्यावर बंद. पुन्हा लावला, निळा स्क्रीन, खाली मेमरी मॅनेजमेंट. रात्री तोच रेंडर बिनतक्रार. पुढच्या दुपारी परत तेच. मेमटेस्ट दुपारी लावला तर तिसऱ्या पासला लाल ओळी.

मग सुरू झाला तपास. एकेक स्टिक वेगळी लावली: दोन्ही पास, दुपारीसुद्धा. स्लॉट बदलले, ए२ ची बी२ मध्ये, बी२ ची ए२ मध्ये. काही फरक नाही. दोन्ही एकत्र, रात्री: पास. दोन्ही एकत्र, दुपारी: एरर. एररचा मेमरीतला पत्ता दर वेळी वेगळा, त्यामुळे एखादी चिपच मेली आहे असं म्हणायलाही जागा नव्हती.

पहिला संशय घेतला व्होल्टेजवर. दुपारी आमच्या लेआउटमधले सगळे कूलर, एसी एकदम चालू असतात, मल्टीमीटरवर २०० च्याही खाली आकडा पाहिला आहे. पण माझा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) १०० ते २४० चा आहे, त्याला १९५ म्हणजे काहीच नाही. तरी यूपीएसच्या मागे लावून खात्री केली. एरर तसेच. (स्वस्तातल्या एसएमपीएसवर २०० ते २४० असं छापलेलं असतं, तो घेतला असेल तर मात्र हा संशय आधी फेडून घ्या.)

उरली गरमी. सोबतीला खिडकीतला कूलर लावला, पाणी भरलं, खोली ३९ वरून ३० वर आली. एरर गायब! कूलर बंद केला, तासाभरात एरर परत हजर. आता शंका उरली नाही.

रॅमच्या पेशीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ परत भरावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते. डीडीआर४ च्या मानकात ८५ अंशांच्या वर हे भरणं दुप्पट वेगानं करायची सोय आहे ती त्यासाठीच. माझ्या स्टिक ८५ च्या जवळपासही नव्हत्या. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरकडची स्टिक ५६ दाखवत होती, दुसरी तीन-चार अंशांनी कमी. पण हे मानक १.२ व्होल्ट आणि ३२०० पर्यंतचं. ३६०० आणि १.३५ व्होल्ट हा कंपनीनं वर चढवलेला वेग आहे, त्यात राखीव ताकद किती ठेवली ते देव जाणे. एसीच्या खोलीत पुरते, आमच्या खोलीत नाही.

सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा हाही प्रश्न होताच. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली आणि नंतर सेन्सर बिघडलेला निघाला. माझाही आकडा नेमका ५६, म्हणून जरा जास्तच जपून होतो! स्वयंपाकघरातलं टोचायचं थर्मामीटर स्टिकच्या पत्र्याला टेकवून पाहिलं. फार फरक नव्हता.

मग कॅबिनेटची बाजू उघडली आणि पडून असलेला १२० मिमीचा जुना पंखा झिप-टायनं थेट रॅमच्या डोक्यावर बांधला. दिसायला भयंकर. स्टिक ५६ वरून ४५ वर. कूलर बंद, खोली ३९, वेग ३६००: चारही पास शून्य. वर सांगितलं तेच हे.

खिडकीतला कूलर रोज चालवूच नका असं मी म्हणत नाही. मे महिन्यात त्याच्याशिवाय माणूसही पोस्ट होत नाही इथं. दव बसायची भीती फुकटची आहे, चालू मशीनमधले भाग हवेपेक्षा गरमच असतात. खरा त्रास शिंतोड्यांचा आणि धुळीचा. ओलसर हवेत धूळ पंख्याच्या पात्यांवर पिठासारखी थापली जाते आणि ब्लोअरनं निघत नाही. कॅबिनेट कूलरच्या झोताच्या सरळ समोर ठेवू नका, बाजूला, भिंतीकडे ठेवा.

झिप-टायचा पंखा काही कायमचा नाही. त्यामुळे दोन वाटा होत्या. एक, टॉवर हीटसिंक घ्यायचा, कारण ५६०० सोबत आलेला पंखा वरून खाली फुंकतो आणि गरम हवा रॅमवरच पसरवतो. दोन, समोर जाळीचं कॅबिनेट घ्यायचं. आत्ताचं समोरून काचबंद आहे, हवा बाजूच्या फटीतून कशीबशी येते. ही काचेची फॅशन कुणी काढली कोण जाणे, आपल्या हवेत ती चालत नाही. पण दुकानात विचारा, आधी काचेचंच दाखवतील, वर "दिवे फ्री आहेत भाऊ". दोन्ही घेतलं तर बजेट ५० च्या पलीकडे जातं.

तिसरी वाट फुकटची: वेग ३६०० वरून ३२०० करायचा. सीएल१८ ऐवजी सीएल१६ लावलं तर पहिल्या उत्तराला लागणारा वेळ दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच येतो. गणित करून बघा. एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० वरून १६००. पंखा काढून दुपारी लावलं, पास. ब्लेंडरच्या रेंडरमध्ये फरक मोजताही आला नाही.

हे इथवर लिहिलं आणि सुचलं की मूळ गरमी प्रोसेसरची आहे, तर तीच कमी का करू नये? ५६०० ला मूळची मर्यादा ७६ वॉटची असते. लिहिणं सोडून बायोसमध्ये गेलो, पीपीटी, म्हणजे हीच मर्यादा, ६० वर बांधला. रेंडर किंचित लांबला, चहा गाळेपर्यंतचा फरक. प्रोसेसर ८६ वरून ७५ वर आला, ९० च्या मर्यादेपासून लांब. जवळची स्टिक ५० वर. पंख्याचा आवाजही खाली आला, हा तर नफाच.

म्हणजे टॉवर हीटसिंक आत्ता नकोच. ते पैसे जाळीच्या कॅबिनेटला. एक बर्डीत पाहून ठेवलं आहे, समोर दोन १२० चे पंखे, मागे एक, धूळजाळी काढून धुता येते. मेट्रोत बसून घरी नेता येईल एवढंच मोठं आहे, हाही मुद्दा लहान नाही. हीटसिंकसाठी आत १६० मिमी उंची आहे, दिवाळीत घ्यावासा वाटला तर बसेल.

एसएमपीएसवर शेवटचं, कारण मागच्या वेळी काहींनी ४५० वॉटचा बिननावाचा सुचवला होता. तो मी घेतला नाही, ५५० चा ब्राँझ घेतला. पण ८० प्लसची चाचणी (ब्राँझ-गोल्ड दर्जे तिच्यावरच ठरतात) २३ अंशांत होते हे लक्षात असू द्या. नागपुरात २३ अंश हिवाळ्यातच भेटतात. ब्राँझ-गोल्डच्या आधी खोक्यावर पूर्ण वॉट कितीव्या अंशाला दिलेत ते वाचा, ४० की ५०. खोक्यावर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा, तिथंही नसेल तर सोडून द्या. आणि यूपीएस घेताना चौकोनी वेव्हचा घेऊ नका. अॅक्टिव्ह पीएफसीवाले (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस त्यावर नखरे करतात, लाइन जाताच मशीन बंद पडू शकतं, मग यूपीएस घेऊन उपयोग काय.

हिशेब आत्ता ५० च्या आत आहे, कॅबिनेट धरून. एनव्हीएमई एसएसडी ५०० जीबीचीच राहिली, तिचेही भाव रॅमच्या मागोमाग चढून राहिले, त्यामुळे १ टीबीचा विचार सोडला. प्रोजेक्ट फाइल जुन्या हार्ड डिस्कवर.

नवतपा (मे अखेरचे नऊ तापते दिवस) लागायच्या आत कॅबिनेट बदलून होईल. मग पीपीटी ६० तसाच ठेवून रॅम परत ३६०० वर नेऊन दुपारी लावणार, पंखा न बांधता. कुणाकडे सीएल१८ ची अशीच जोडी ४० अंशांच्या खोलीत चालत असेल तर टीआरएफसी (ओळी परत भरायला दिलेला वेळ) किती ठेवला आहे ते सांगा. माझ्याकडे ऑटोवर ६३० येतो.