टरेटवरची पुट्टी आणि धुळ्याचा मे महिना

सेंच्युरियन रणगाड्याचं टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचं असतं. वाळूच्या साच्यात पोलाद ओतलं की वाळूचा खरबरीतपणा धातूवर उमटतो, साच्याच्या सांध्याची रेघ राहते, ती ग्राइंडरने घासल्याचे चट्टे दिसतात. प्लास्टिकच्या मॉडेल-किटमधलं १:३५ चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं, टरेट मात्र साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. मला करायचा होता पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा ‘फामागुस्ता’. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात लढले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. असा रणगाडा गुळगुळीत टरेटचा करणं मनाला पटेना.

अशा पोतासाठी टामियाची राखाडी पुट्टी किंवा मिस्टर सरफेसर ५०० ही मॉडेलवाल्यांची खास उत्पादनं वापरायची पद्धत आहे. दोन्ही ऑनलाइन मिळतात. पण इवलीशी ट्यूब आणि तिचा भाव बघून मी आधी आग्रा हायवेवरच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात गेलो. तिथे ट्रकच्या केबिनवर जी एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ओढतात, तीही लॅकर थिनरमध्ये विरघळणारी आणि थिनर उडालं की घट्ट होणारीच. गॅरेजातल्या पेंटर नानांना टरेट दाखवलं. त्यांनी ते चिमटीत धरून फिरवलं आणि म्हणाले, “हाई काय करी राहिना भाऊ?” सांगितल्यावर जुन्या डबीत थोडी पुट्टी काढून दिली आणि बजावलं, “जाड नको लावू, तडकी जाई.”

नानांचं म्हणणं ट्रकला लागू तसंच प्लास्टिकलाही. एनसी पुट्टी वाळते ती थिनर बाहेर पडल्यामुळे, म्हणून ती आकसते. थर जाड असला की वरची साय आधी धरते आणि आतलं आकसताना भेग पडते. मॉडेलला दुसरा धोकाही असतो. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि एनसी थिनर त्याला खातं. थोडं खाल्लं तर चांगलंच, पुट्टी मुरून बसते. ओला जाड थर राहिला तर खालचं प्लास्टिकच मऊ पडतं. म्हणून आधी सगळे प्रयोग किटच्या उरलेल्या फ्रेमवर, म्हणजे सुटे भाग जिला जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, केले.

पद्धत सोपी आहे. पुट्टीत थिनर घालून ती साईच्या दुधाइतकी सैल करायची. तळहाताएवढ्या भागात नव्हे, नखाएवढ्या भागात ब्रशने लावायची. चकाकी जाऊन ती चिकट झाली की केस आखूड कापलेला जुना ब्रश उभा धरून नुसता टोचत जायचं. ओढायचं नाही, टोचायचं. सगळी कला त्या चिकट अवस्थेच्या थोड्या वेळात असते.

आणि नेमका तोच वेळ धुळ्याच्या मे महिन्यात हाती लागत नाही. पारा चाळिशीच्या वर असतो. डबीतून ब्रश टरेटपर्यंत न्यावा, तोवर थिनर उडालेलं असतं. पुट्टीचे तार निघतात, टोचलं की भुगा होतो, आणि तो भुगा वाळला की टरेटवर देवी आल्यासारखं दिसतं. कूलरसमोर बसलं तर वाऱ्याने आणखी लवकर वाळते. जपान-युरोपातल्या माणसाने सांगितलेलं थिनरचं प्रमाण आपल्याकडे चालत नाही, हे इथे कळतं. नानांकडून थोडं रिटार्डर आणलं. वाळणं लांबवायला ते लॅकरमध्ये घालतात. त्याचे मोजके थेंब आणि कामाची वेळ सूर्य वर यायच्या आधीची, गच्चीवर. खोलीत थिनरचा वास कोंडतो, तो छातीत घेण्यासारखा नसतो, त्यामुळे गच्ची तशीही बरीच. या दोन गोष्टींनी काम रुळावर आलं.

पोत किती खरबरीत ठेवायचा, हा प्रश्न मात्र नगरला जाऊन सुटला. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ पासूनचं. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, शिर्डी करत एसटीने पोचलो. तिथला सेंच्युरियन जवळून बघितला आणि मग मागे सरत सरत बघितला. चार-पाच पावलांवर गेलं की पोत जवळजवळ नाहीसा होतो, फक्त तिरप्या उन्हात सावल्यांची बारीक कुजबुज उरते. हिशेबही तेच सांगतो. खऱ्या टरेटवरचा एक मिलिमीटरचा उंचवटा १:३५ मध्ये ०.०३ मिलिमीटरचाही भरत नाही, म्हणजे केसाहून बारीक. इंटरनेटवर बक्षिसं मिळवणारी कित्येक टरेटं बघितली तर वाटतं रणगाडा फणसाच्या सालीचा असावा. फोटोत ते छान दिसतं, माझ्या डोळ्याला खटकतं.

दुसरी गोष्ट तिथेच लक्षात आली. सेंच्युरियनला ओतीव भाग थोडाच दिसतो. हल, म्हणजे टरेटखालचं मुख्य धड, जाड पत्र्याचे तुकडे वेल्ड करून केलेली, तिला खरबरीतपणा नको. टरेटचं छतही वेल्ड केलेलं. टरेटच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या मोठ्या पेट्या, त्या साध्या पत्र्याच्या. उरले पुढचे गाल आणि पेट्यांखालची कड. तेवढ्यावरच पुट्टी लावली. वाळल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवला, म्हणजे टोकं बसतात आणि खड्डे राहतात. सांध्याच्या रेघेपाशी जरा जास्त घासलं, कारखान्यात ग्राइंडर फिरला असेल तसं. ओतकामाचे उठावदार आकडे किटच्या फ्रेमवरूनच मिळतात: भागांचे नंबर तिथे उठावात असतात, ते धारदार ब्लेडने अलगद सोलून चिकटवायचे.

तोफेच्या मुळाशी असतं ते कॅनव्हासचं आच्छादन एम-सीलचं केलं. इथेही उन्हाने घाई केली. दोन्ही भाग मिसळले की घट्ट होण्याचा वेग गरमीत वाढतो, म्हणून दोन्ही कांड्या आधी फ्रीजमध्ये ठेवल्या. आईने कैरीच्या शेजारी एम-सील बघून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. हातमोजे घालून, वाटाण्याएवढीच एकावेळी मळायची. टाल्कम पावडर भुरभुरून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटायची. जागेवर पसरायची आणि ओल्या टूथपिकच्या बोथट टोकाने सुरकुत्या दाबायच्या. टूथपिक कोरडी असली की एम-सील तिलाच चिकटून येतं. ओलं मलमल दाबून कापडाची वीण उमटवता येते, पण १:३५ ला वीण दिसणारच नाही. सुरकुत्या मात्र दिसतात, आणि त्या तोफेच्या दिशेने ओढलेल्या हव्यात.

चाकांवरच्या चिखलासाठी उरलेली पुट्टी, लाकडाचा बारीक भुसा आणि चाळलेली माती. आपल्या तापीकाठची काळी माती इथे चालत नाही. बसंतर पंजाबच्या मैदानातली, तिथला गाळ फिका. पांझरेच्या पात्रातला फिकट गाळ चाळून घेतला.

प्रायमर मारल्यावर गालांवरचा पोत जवळजवळ दिसेना आणि पोटात गोळा आला. हिरवा रंग झाला, खड्ड्यांत तपकिरी वॉश (पातळ केलेला रंग) उतरला, उंचवट्यांवर फिका रंग कोरड्या ब्रशने घासला, तेव्हा तो हळूहळू वर आला. खिडकीतून तिरपा उजेड पडला की दिसतो, समोरून दिवा मारला की लपतो. नानांना नेऊन दाखवला. त्यांनी बोट फिरवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “इतलुसं कशाले? मी दिलेली पुट्टी तं उरनी असीन.”

उरली आहे. पुढचा रणगाडा एम-४८ पॅटन आहे आणि त्याची तर हलसुद्धा अख्खी ओतीव, म्हणजे पुट्टी लावायला जागाच जागा. तो डिसेंबरात घेणार आहे. तोवर पुट्टीवर थिनरचे थोडे थेंब टाकून, डबीचं झाकण घट्ट लावून ती माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवली आहे.