सरांनी न खोडलेला शब्द

नववीत असताना ‘माय ग्रँडफादर’ या निबंधात मी आजोबांना ‘सार्कॅस्टिक’ म्हटलं होतं. म्हणायचं होतं गमत्या, घरभर हसू पसरवणारे. शब्द कुठेतरी कानावर पडला होता, भारदस्त वाटला, लिहून टाकला. इंग्रजीच्या सरांनी त्यावर लाल शाई चालवली नाही. वही परत देताना एवढंच विचारलं, “आजोबा घरी सगळ्यांना घालूनपाडून बोलतात का रे?” मी गप्प.

मग सरांनी खडू उचलला. सार्कॅझमच्या मुळाशी ग्रीक ‘सार्क्स’, म्हणजे मांस. क्रियापदाचा अर्थ मांस ओरबाडणं. “आपण नाही का म्हणत, शब्दांनी लचके तोडले?” माझे आजोबा कधी कुणाला टाकूनसुद्धा बोलले नव्हते. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्यासाठी सरांनी ‘ह्यूमरस’ हा शब्द दिला आणि उरलेला तास त्याच्यावरच गेला. ह्यूमर म्हणजे लॅटिनमध्ये द्रव, ओलावा. प्राचीन ग्रीक वैद्य शरीरात चार द्रव मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. वात-पित्त-कफ घरोघरी ऐकलेलं असल्यामुळे वर्गाला हे लगेच पटलं. काळं पित्त वाढलं की माणूस उदास, तोच मेलँकली. पुढे ह्यूमर म्हणजे स्वभाव, लहर. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनच्या १५९८ सालच्या ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ या नाटकात त्याचा अर्थ विनोद नाहीच, तऱ्हेवाईकपणा आहे. अशा तऱ्हेवाईक माणसांना लोक हसत आणि शब्द हळूहळू हसण्याकडे सरकला. “आपण हास्यरस म्हणतो,” सर म्हणाले, “रसही ओलाच.” त्या दोन शब्दांचं नातं नाही, हे मात्र त्यांनी बजावून सांगितलं.

नातं आहे ते ‘विट’चं, म्हणजे चतुर, हजरजबाबी विनोदासाठीच्या इंग्रजी शब्दाचं. जुन्या इंग्रजीत ‘विटन’ म्हणजे जाणणं; आपल्या ‘विद्’ धातूचा तो सख्खा भाऊ. सरांनी फळ्यावर विट आणि विद्यार्थी एकाखाली एक लिहिलं. शाळेने मला जे दिलं त्यात ती दोन शब्दांची जोडी मी सर्वांत वर ठेवतो. आज शब्दकोश उघडला की अर्थाआधी माझी नजर व्युत्पत्तीकडे जाते, ती त्या तासापासून.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. सुधारलेला निबंध मी त्यांना मराठीत सांगत गेलो. ‘ह्यूमरस’पाशी आल्यावर म्हटलं, “म्हणजे ज्याच्यात ओलावा आहे असा.” त्यांनी चष्मा लावला, वही जवळ ओढली आणि तो शब्द कुठला, हे बोट ठेवून दाखवायला सांगितलं.