हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद

आज कार्यालयातील सहकाऱ्यांसह अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला जाऊन आलो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले तेव्हा हे गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतर यांनी पोखरलेले होते. पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांतून ते सावरले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मला मात्र सर्वाधिक विचार करायला लावले ते पाण्याच्या ताळेबंदाने. पडलेला पाऊस मोजून, माणसांना आणि जनावरांना लागणारे पाणी आधी बाजूला ठेवून, उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. उसाला आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना तर गावाने केव्हाच नकार दिला आहे. खरे नावीन्य मला येथेच दिसते, कारण बंधारे आणि उतारावर पाणी मुरवणारे समतल चर इतर गावांतही आहेत. आमच्या कार्यालयात बदल म्हणजे वरून आलेले परिपत्रक. आकडे सर्वांसमोर मांडून निर्णय त्यांच्यावर सोपवण्याचे धैर्य क्वचितच दिसते. परतताना गाडीत यावर बराच वाद झाला. पुढील तिमाहीच्या खर्चाचा आराखडा संपूर्ण विभागासमोर मांडूनच ठरवावा, असा लेखी प्रस्ताव मी सोमवारी देणार आहे.