गर्दीतला तिसरा, गुलाल लावलेला

२१ जानेवारी २०२५, मंगळवार. रात्रीचे दीड.

ओंकार म्हणाला, "दिसलास मामा."

एवढंच. रविवारपासून हे दोन शब्द घशात माशाच्या काट्यासारखे अडकलेत. भात गिळून पाहिला, पाणी पिऊन पाहिलं.

'सत्या' हा जुना सिनेमा परत लागला म्हणून गेलो होतो. तिकिटं ओंकारने काढली, पैसे देऊ दिले नाहीत. नोकरी लागल्यापासून पोरगं असंच करतंय. ताईला त्याचं कौतुक. मलाही असतं, पण तिकिटं काढतानाच तो म्हणाला होता, "मोठ्या पडद्यावर तुला शोधायचंय." तेव्हाच पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. त्रास त्याचाच होतोय.

एकदा लिहूनच टाकतो. 'सत्या'च्या शेवटी गणपती विसर्जनाची जी गर्दी आहे, तिच्यात मी नव्हतो. कुठल्याही सिनेमाच्या कुठल्याही गर्दीत मी कधीच नव्हतो. १९९७च्या गणपतीत मला कावीळ झाली होती. आई साळीच्या लाह्या आणि उसाचा रस देत होती, आणि मी पडल्यापडल्या खिडकीतून आपल्याच मंडळाचे ढोल लांब जाताना ऐकत होतो. विसर्जनाला अव्या गेला होता. अव्याला विचारता आलं असतं की... असो.

सिनेमा लागला ३ जुलै १९९८ला. पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. जो तो सिनेमातला गुंड भिकू म्हात्रे झालेला. कोणीतरी म्हणालं, काय खरी वाटते ना रे ती शेवटची गर्दी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाटणारच. मी होतो ना तिच्यात."

ठरवून मारलेली थाप नव्हती ती. सिनेमाचे दिग्दर्शक रामगोपाल वर्मांनी कुठेतरी सांगितलंय, की टी-सीरिजवाल्या गुलशन कुमारांच्या खुनाची बातमी कळली तेव्हा त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं, तर मारणाऱ्याने त्या दिवशी नाश्ता केव्हा केला असेल? आधी की नंतर? म्हणे तिथूनच त्यांचा हा सिनेमा बदलला. गुंड कसा मारतो यापेक्षा मधल्या वेळात तो काय करतो, हे त्यांना पाहावंसं वाटलं. भिकू बायकोच्या शिव्या खातो, पोरांना खेळवतो, मग कामाला जातो. तसं मलाही आठवून पाहावंसं वाटतं, की त्या दिवशी माझ्या डब्यात काय होतं? थाप मी डब्याच्या आधी मारली की नंतर? आठवत नाही. समोरच्या बाकावर कोण बसलं होतं ते मात्र आठवतं. ते इथे लिहीत नाही, सीमा ही वही वाचते.

एकदा होतो म्हटल्यावर राहावंच लागतं. पहिल्या वर्षी मी नुसताच गर्दीत होतो. दुसऱ्या वर्षी कॅमेरा माझ्या खांद्याला घासून गेला. लग्नाच्या सुमारास सत्या झालेल्या चक्रवर्तीचा पाय माझ्या पायावर पडला होता आणि तो "सॉरी" म्हणाला होता. मग मुलाखती यायला लागल्या आणि माझं फावलंच. जे वाचेन ते मी शूटिंगला ऐकलेलं व्हायचं. मनोज वाजपेयीला खरं तर सत्याची भूमिका हवी होती, भिकू मिळाला म्हणून तो खट्टू होता, हे मी लोकांना असं सांगितलंय की जणू तो माझ्याच शेजारी तोंड पाडून बसला होता. भिकूची बोली त्याने आपल्या कोल्हापूरच्या स्वयंपाक्यावरून उचलली, हे वाचलं त्या दिवशी तर मला लॉटरी लागल्यासारखं झालं. ताईचं सासर कोल्हापूरचं. तो स्वयंपाकी पन्हाळ्याच्या बाजूचा होता, हे माझं पदरचं. ताईचे सासरे अजून पाहुण्यांना सांगतात.

बाकी कुठल्या सिनेमाबद्दल असली थाप मारायचं धाडस मला झालं नसतं. इतर सिनेमांतल्या गर्दीत आपण शोभलोच नसतो. तिथे हिरो कुठून आला, बाप कोण, आई कशी गेली, सगळं आधी सांगून ठेवलेलं असायचं. इथे सत्या मुंबईत येतो, तबेल्यात राहतो, आणि कुठला, कोणाचा, कशाला आला हे कोणी नीट विचारतसुद्धा नाही. बाकीची तोंडंही अशी, की आपल्या सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली असावीत. सौरभ शुक्लाने अनुराग कश्यपबरोबर हा सिनेमा लिहिला आणि वर स्वतःच कल्लू मामा होऊन बसला. त्या माणसाकडे पाहून वाटायचं, हा चालतो तर आपण का नाही चालणार? मी चाललो असतो. खरंच चाललो असतो. कावीळ झाली, एवढंच.

तर रविवार.

भिकू खडकावर उभा राहून समुद्राला ऐकू जाईल असा ओरडतो, तिथे सगळं थिएटर त्याच्या आधी ओरडलं. शेदोनशे मोबाइल वर. पुढच्या रांगेतली पोरं तर तेव्हा जन्मलीही नसतील. मला आधी राग आला, मग तो राग म्हातारा वाटला, मग गप्प बसलो. तो पुढारी, भाऊ ठाकूरदास, भिकूला गोळी घालतो तिथे मात्र सगळे चिडीचूप. ९८लाही असेच झाले होते. तेव्हा अव्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. रविवारी मी उगीचच मनगट चोळत होतो.

मग विसर्जन आलं. ढोल, गुलाल, माणसांचा लोंढा. आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. पाठ सोडली, मान लांब केली, आणि डावीकडून उजवीकडे एकेक चेहरा तपासायला लागलो.

ओंकारला दाखवायचं म्हणून नाही. ओंकार शेजारी आहे हेच विसरलो होतो. मी मला शोधत होतो. आणि सापडत नव्हतो म्हणून मला वाईट वाटत होतं. खोटं बोलणाऱ्याला वाटतं तसलं वाईट नाही, ते ओळखीचं आहे. हे वेगळंच होतं. ग्रुप फोटोत आपलंच डोकं कापलं गेल्यावर वाटतं, तसलं. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला.

"कुठे रे मामा?" ओंकार कुजबुजला. माझा हात आपोआप वर गेला. "तो बघ. तिसरा. गुलाल लावलेला."

तिथे सगळ्यांनीच गुलाल लावलेला होता.

"दिसलास मामा," ओंकार म्हणाला.

आता हे काय होतं? खरंच कोणी दिसलं त्याला? की मामा उघडा पडू नये म्हणून म्हणाला? तिकिटाचे पैसे दिले तसंच हेही दिलं? पोरगं लहानपणापासून मनकवडं आहे. बाबांच्या वेळीही त्यालाच आधी... ते नको. मला म्हणायचंय ते एवढंच, की त्याला कळलं असेल तर कधी कळलं? रविवारी? की दहाव्या वर्षीच कळलं होतं आणि तेव्हापासून तो दर गणपतीला "मामा, शूटिंगचं सांग ना" म्हणत माझी गंमत बघत होता?

त्यात तो अपूर्व असरानी. हा सिनेमा एडिट करणाऱ्या दोघांपैकी एक. वय तेव्हा १९. मीसुद्धा तेव्हा १९चाच! त्याने त्या वयात नको तेवढं कापून टाकायला शिकून घेतलं, आणि मी जे मिळेल ते जोडत बसलो. पुढे मनोज वाजपेयीला राष्ट्रीय पुरस्कार, मला बँकेची परीक्षा. रविवारी रात्री हे सगळं सीमाला सांगितलं. पूर्ण ऐकून घेऊन ती म्हणाली, "मला लग्नाआधीच माहीत होतं. तुझ्या आईने सांगितलं, काविळीचं." आणि कूस बदलून झोपली. पंचवीस वर्षं ती माझ्याशेजारी बसून पाहुण्यांना "हो ना, पाय पडला होता म्हणे" असं म्हणत आलीय.

काल खुद्द वर्मांनीही लिहिलं. इतक्या वर्षांनी 'सत्या' पाहिला आणि शेवटी शेवटी डोळ्यांतून पाणी आलं, पुढे यशाची नशा चढली, असं बरंच काही. कबुलीजबाबच. वाचून बरं वाटलं. ज्याने सिनेमा केला त्याची ही गत, तर जो त्यात नव्हताच त्याने किती मनाला लावून घ्यायचं?

ओंकारला सांगून टाकायचं ठरवलं होतं. संध्याकाळी मेसेज लिहिला, 'ओम्या, ते शूटिंगचं थोडं बोलायचंय.' पाठवणार तेवढ्यात त्याचाच आला. विसर्जनाच्या सीनचा फोटो, आणि त्यात एका डोक्याभोवती लाल गोल. 'हाच ना?'

मी दाखवला होता तो हा नव्हे. हा पार दुसऱ्या टोकाचा. तोंड अर्धं वळलेलं, कपाळावर गुलाल, हात वर. मोठा करून पाहिला. चष्मा लावून पाहिला. सीमालाही उठवून दाखवला.

"कान तुझ्यासारखा आहे," ती म्हणाली.

आहे खरा. केसही तेव्हा एवढे होते.