कुपनावरच्या दोन ओळी

रविवार, रात्र. किसननगर, ठाणे.

दुपारपासून डोक्यात 'सावकारी पाश' आहे. बाबूराव पेंटरांनी तो मूकपट कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीत, १९२५ साली केला. कथा नारायण हरी आपट्यांची. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीत राबायला जाणारा शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. पडद्यावर तेव्हा देव आणि राजे यांचीच गर्दी असायची. पेंटरांनीही सुरुवात पौराणिक पटांपासूनच केली होती. अशा वेळी त्यांनी कर्जबाजारी कुणब्यावर कॅमेरा रोखला, याचं मला फार मोल वाटतं.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली ती १८७५ साली. १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारांपासून वाचवायला कायदाही झाला. तरी पन्नास वर्षांनी हीच गोष्ट सांगायची वेळ आलीच, कारण अंगठा उठवणाऱ्याला खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

त्या पटातली अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं हे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं म्हणतात. पट मुका, पण ते रडणं लोकांना ऐकू आलं.

आज आत्या आली होती. तिला हे सांगत होते तर म्हणाली, "अगं, आपल्या तात्यांचं दुसरं काय झालं?" आजोबा पाटणखोऱ्यातून परळला गिरणीत आले. खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं. आजी दोन पोरांना घेऊन गावातच राहिली. "तात्या जत्रेला घरी आले की मी आईच्या मागं लपायचे. हा परका बाप्या कोण, असं वाटायचं. ओळख पटेस्तोवर त्यांची जायची वेळ व्हायची."

मग तिनं पिशवीतून मनिऑर्डरची कुपनं काढली, पैशांसोबत दोन ओळींचा निरोप यायचा ते कागदाचे तुकडे. आजीनं ट्रंकेत जपलेली. घडीवर फाटलेली, शाई उडालेली. एकावर लिहिलंय: 'आधी सावकाराचे दे. उरले तर पोरीला झगा.' आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचा. म्हणजे नवऱ्याचा शब्द न् शब्द तिच्या कानावर पडला तो परक्याच्या तोंडून, अंगणात चार माणसांसमोर. तिला उलट काय सांगायचं होतं, ते कुठल्याच कागदावर नाही.

मूकपटातल्या दोन दृश्यांमधल्या पाट्यांसारखीच ही कुपनं. दोन ओळी, आणि मग थेट पुढचा महिना.

शहरात गेलेल्या पुरुषाची गोष्ट निदान सांगितली तरी गेली. मागे राहिलेल्या बाईनं शेतं कशी कसली, सावकार दारात आला की काय उत्तर दिलं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आम्हालाही नाही, आणि आजी तर आता नाही.

आत्याला "झग्याचं काय झालं?" विचारलं. "नाही आला," म्हणाली. "त्या साली बैल मेला."

पुढच्या रविवारी तिच्याकडे लोकमान्यनगरला जाते. कुपनांवरचे शिक्के वाचून ती तारखेनं लावायची आणि एकेक पुढ्यात ठेवून तिला विचारायचं. ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेणार आहे.