पुण्याची खेप 441 किलोमीटर?

आमच्याकडे डिझेलचा हिशेब ही ठेवते. लाल पुठ्ठ्याची वही आहे. टाकी दर वेळी काठोकाठ भरायची आणि मीटरचा आकडा व लिटर त्यात मांडायचे. गेल्या महिन्यात ती वही उघडून समोर येऊन बसली. "अहो, ह्या खेपेला कुठल्या रस्त्यानं गेलात? पुण्याला जाऊन यायला कायम 500 लागतात, इथं 441च दिसतात."

मी दोन दिवस तोंड पाडून बसलो होतो. डिझेल वाचावं म्हणून मागच्या ॲक्सलचं हाउसिंग खोललं, आतली दात्यांची जोडी बदलली, त्यात 14 हजार घातले आणि ॲव्हरेज लिटरला 12 वरून 11.2 किलोमीटरवर आलं, असंच वाटत होतं. तिनं विचारलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

माझी पिकअप 2009 ची. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी पुण्याला नेतो आणि येताना बहुतेक वेळा रिकामाच येतो. टॉवेलचा माल हौदा भरतो, पण वजनाला हलका. गाडीचं हाउसिंग मात्र जड माल ओढायला बसवलेलं. एक मागचं चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर ठेवलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवलं. एकच चाक फिरतं तेव्हा त्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून एक. प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, फेरे पाचाला जरासे कमी भरले. खोलल्यावर दाते मोजले: क्राउन (चाकांकडचं मोठं दातेरी चक्र) 39, पिनियन (शाफ्टकडचं छोटं) 8, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.875 फेरे.

सपाट पुणे रोडला एवढं कशाला? पाचवा गिअर 0.80 (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 0.80 फेरे) आणि टायर 215/75 आर 15 धरून कागदावर मांडलं, तर ताशी 80 ला इंजिन मिनिटाला साधारण 2,350 फेरे मारत होतं. वेग तोच, माल तोच, पण इंजिन जास्त पळालं की पिस्टन, बेअरिंग, पंप फिरवण्यातच डिझेल जिरतं. 43 आणि 10 दात्यांची जोडी, म्हणजे 4.3 टाकली, तर तेच काम 2,075 च्या आसपास होतं.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, एकदम हो म्हणाले नाहीत. आधी क्लच सरकतो का पाहिलं. मग फेरी मारून आल्यावर चारही चाकांच्या ब्रेकना हात लावला. मागचा डावा चांगलाच तापलेला, ब्रेक चिकटत होता. तो मोकळा करून दोन खेपा मारल्या आणि आलेलं ॲव्हरेज वहीत घेतलं, ते 12. हे आधी केलं नसतं तर ब्रेकचा फायदा मी क्राउन-पिनियनच्या नावावर लिहिला असता.

जोडी त्याच गाडीच्या दुसऱ्या मॉडेलची, वापरलेली मिळाली. दोन्हींवर कोरलेला नंबर एकच आहे ना, हे अण्णांनी भिंग लावून पाहिलं. क्राउन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा चालत नाही, ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दात्यांना निळं लावून ठसा कुठं उमटतो ते बघायचं, शिम म्हणजे पातळ चकती काढायची, परत घालायची, डायल लावून लॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, मोजायची. यात अख्खा दिवस गेला. ठसा दात्याच्या मधोमध आल्यावरच ते उठले. हाउसिंगमध्ये जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल भरलं. गिअरबॉक्सात मात्र जीएल-4च, कारण जीएल-5 मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या) पितळी रिंगा खाऊ शकतात.

आता 441 चं. मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते. ती चाकाचे फेरे मोजत नाही, शाफ्टचे मोजते. शाफ्ट कमी फिरायला लागला, म्हणून मीटरही कमी बोलायला लागलं. 4.3 भागिले 4.875 म्हणजे 0.882. दुसऱ्या दिवशी हायवेच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजत गेलो. 50 दगड झाले तेव्हा मीटरवर 44. म्हणजे खरं ॲव्हरेज 11.2 भागिले 0.882, 12.7.

एका खेपेला सव्वादोन लिटरच्या वर डिझेल वाचतं. महिन्याला आठ खेपा आणि डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरलं, तर घातलेले पैसे निघायला आठ-नऊ महिने लागतील. मला ते परवडतं. कांद्याच्या हंगामात रोज मार्केट यार्डाला भरून गाडी नेणाऱ्यानं मात्र हे करू नये. मी एकदा भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट चढलो. जिथं तिसऱ्यावर निघायचो तिथं दुसरा टाकावा लागला आणि चढावर गाडी उचलताना क्लचचा वास आला. तेव्हापासून वजनाचं भाडं मी घेत नाही.

मीटरही दुरुस्त केलं. केबलच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा गिअर असतो, तो 17 दात्यांचा काढून 15 चा बसवला. मंगळवारी मोहोळच्या पुढं पुन्हा 50 दगड मोजले, मीटरवर 50 आले. घरी आल्यावर तिनं वहीतल्या मधल्या तीन खेपांसमोर खरे आकडे लाल पेनानं लिहून घेतले.